अंगणातली मराठी, वेदीवरची लॅटिन

डिसेंबर 1608 मध्ये गोव्यातल्या एका इंग्रज जेजुइट पाद्रींनी रोममधल्या आपल्या संघप्रमुखांना एक पत्र पाठवले. मागणी साधी होती. इथल्या लोकांच्या भाषेतली पुस्तके इथल्याच लिपीत छापायला परवानगी मिळावी. त्यातली अडचणही त्यांनीच सांगून टाकली. युरोपातल्या छापखान्याचे चोवीस अक्षरांत भागते, इथे मात्र एकेका उच्चाराला वेगळी आकृती, म्हणजे साधारण 600 साचे लागतील. पण काटकसर केली तर 200 मध्ये काम निभेल, असा तोडगाही त्यांनी पुढे ठेवला. काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षरे यांच्याशी झटापट केल्याशिवाय कोणाला असा हिशेब मांडता येत नाही. ते खिळे काही पाडले गेले नाहीत. आठ वर्षांनी, 1616 मध्ये, साष्टीतल्या रायतूरच्या छापखान्यातून याच पाद्रींचे, म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स यांचे, सुमारे 11,000 ओव्यांचे पुराण बाहेर पडले ते रोमन अक्षरांत. त्या 'ख्रिस्तपुराणा'ची देवनागरी छापील प्रत मराठी वाचकाच्या हाती आली 1956 मध्ये, शांताराम बंडेलू यांच्या संपादनात. मधे 340 वर्षे गेली.

मराठी भाषेच्या गौरवाचा कार्यक्रम असला की स्टीफन्स यांची आठवण हटकून निघते, आणि ती मराठीची थोरवी गाणाऱ्या त्यांच्या चार-सहा ओव्यांपुरतीच असते. त्या ओव्या सुंदर आहेत, पाठ्यपुस्तकांतून त्या सर्वांना पाठही झाल्या आहेत. परंतु त्या ज्या ग्रंथाच्या प्रारंभी येतात त्याचे पुढे काय झाले, तो कोण वाचत होते, कुठे बसून वाचत होते, वेदीवर चालणाऱ्या उपासनेशी त्याचा काय संबंध होता, हे प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. एका परदेशी माणसाने आपल्या भाषेला शाबासकी दिली, एवढ्यावर आपले समाधान होते. मराठी कॅथलिकांच्या उपासनेचा इतिहास समजून घ्यायचा तर या शाबासकीच्या पलीकडे जावे लागते.

या इतिहासाच्या दोन ठरीव कथा आहेत. पहिली अशी की चर्चमध्ये शतकानुशतके लॅटिनचे राज्य होते, लोकांना काही कळत नव्हते, आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1960 च्या दशकात एका फटक्यात मराठीला दार उघडून दिले. दुसरी कथा अभिमानाची आहे. तिच्या मते स्टीफन्स यांनी 1616 मध्येच मराठीला चर्चची भाषा करून टाकले होते, व्हॅटिकनला ते उशिरा सुचले इतकेच. दोन्ही अर्धवट आहेत. कोकणपट्टीतल्या कॅथलिक माणसाच्या धर्मजीवनाची घडण तीन मजली घरासारखी होती. वरच्या मजल्यावर वेदी आणि तिथली लॅटिन. मधल्या मजल्यावर पुराण, गाणी, प्रवचन, नवस आणि क्रूसापुढची प्रार्थना, म्हणजे सार्वजनिक पण वेदीबाहेरची भक्ती, आणि तिची भाषा ग्रांथिक मराठी किंवा तिच्या जवळपासची. खालच्या मजल्यावर घरची बोली. परिषदेने यातला वरचा मजला उतरवला. मधला होता, म्हणूनच तो वर चढून वेदीची जागा घेऊ शकला. आणि खालचा मजला होता तिथेच राहिला.

लॅटिनपासून सुरुवात करू, कारण तिच्याबद्दल गैरसमज अधिक आहेत. ट्रेंटच्या परिषदेने 1562 च्या सप्टेंबरमध्ये मिस्साबलिदानाविषयी जो आदेश काढला, त्यात लोकभाषा पाप ठरवलेली नाही. मिस्सा सर्वत्र लोकभाषेत करणे इष्ट वाटत नाही, असे त्यात म्हटले आहे. ती केवळ लोकभाषेतच झाली पाहिजे असा हट्ट धरणाऱ्यांना मात्र बहिष्काराचा दंड सांगितला आहे, आणि तो रोख उघडच प्रोटेस्टंटांवर होता. त्याच परिच्छेदात पुढे मेंढपाळांना, म्हणजे धर्मगुरूंना, आज्ञा आहे की मिस्सा चालू असताना तिच्यातल्या गोष्टी लोकांना वरचेवर उलगडून सांगाव्यात, विशेषतः रविवारी आणि सणाच्या दिवशी. म्हणजे दोन भाषांची सोय ट्रेंटनेच करून ठेवली होती. वेदीवर एक भाषा, लोकांकडे तोंड वळवले की दुसरी. या फटीतूनच जगभर लोकभाषेतले धार्मिक साहित्य उगवले. ट्रेंटनंतर सतरा वर्षांनी, ऑक्टोबर 1579 मध्ये, स्टीफन्स गोव्यात उतरले ते ही शिस्त अंगी बाणवूनच. 'ख्रिस्तपुराण' हे तिच्या विरुद्ध केलेले बंड नव्हे. या शिस्तीत मराठीला जेवढी जागा मिळू शकत होती, ती त्यांनी काठोकाठ भरली.

1965 पूर्वीच्या एखाद्या वसईकर चर्चमधली रविवारची मिस्सा डोळ्यांपुढे आणली तर ही विभागणी नीट दिसते. धर्मगुरू वेदीकडे तोंड करून उभे, म्हणजे लोकांकडे पाठ. मुख्य प्रार्थना पुटपुटल्यासारखी, मागच्या बाकांपर्यंत पोचतच नाही. वेदीसेवक मुले लॅटिन उत्तरे घोकून आलेली. उच्चार खणखणीत, अर्थाशी गाठ नाही. आणि लोक काय करत? बायाबापड्या हातातली जपमाळ ओढत. मणी पुढे सरकत राही, वेदीवर काय चालले आहे ते घंटीवरून कळे. घंटी वाजली की गुडघे टेकायचे, मान लवायची, घंटी थांबली की पुन्हा माळ. मग प्रवचन आपल्या भाषेत, आणि तेवढ्यापुरती माळ बाजूला. सुधारणावादी लेखक हे चित्र अज्ञानाचा पुरावा म्हणून दाखवतात. त्यातून उलटा निष्कर्षही काढता येतो. ज्या वेळात लोकांना बोलायला जागा नव्हती, तो वेळ त्यांनी आपल्या प्रार्थनेने व्यापला. वेदीवरचे गूढ त्यांनी नाकारले नाही, आणि त्याच्यापुढे मुके बसूनही राहिले नाहीत. एकाच छपराखाली दोन उपासना समांतर चालत होत्या.

मधल्या मजल्याचा सर्वांत भक्कम खांब अर्थातच पुराण. ते कसे सुचले याचा प्रसंग स्टीफन्स यांनी ग्रंथातच रंगवला आहे. रविवारी धर्मशिक्षण चालू असताना एक ब्राह्मण उठून विचारतो की आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी वाचायला नवे पुराण का देत नाही? हा संवाद खरोखर झाला की कवीने रचला, याने फार फरक पडत नाही. महत्त्वाचे हे की ग्रंथाचे समर्थन म्हणून हीच गरज कवीला पटण्यासारखी वाटली. बाटलेल्या समाजाची श्रद्धा बदलली होती, पण संध्याकाळी एकत्र बसून कोणीतरी पोथी लावावी आणि बाकीच्यांनी ऐकावी, ही सवय तशीच होती. स्टीफन्स यांनी त्या सवयीला नवे कथानक पुरवले. पहिल्या पुराणात जगाच्या उत्पत्तीपासूनचा जुना करार, दुसऱ्यात ख्रिस्ताचे चरित्र. छंद ओवीचा, अध्यायांना 'अवस्वरु' हे नाव. स्वर्गाला त्यांनी वैकुंठ म्हटले, देवाला परमेश्वर आणि येशूला स्वामी. जिथे अर्थ सांडण्याची भीती होती तिथे बाप्तिस्म, ग्रासा असे परके शब्दही तसेच ठेवले. हा निवाडा मोठा चाणाक्ष आहे. वैकुंठ म्हटल्याने विष्णू घरात शिरत नाही, एवढा विश्वास त्यांना होता, पण बाप्तिस्माला नुसते स्नान म्हणायला ते धजावले नाहीत. आज वसईचा कॅथलिक त्याच विधीला बिनदिक्कत 'स्नानसंस्कार' म्हणतो.

स्टीफन्स एकटे नव्हते, हेही सांगायला हवे. फ्रेंच जेजुइट एतिएन द ला क्रुआ यांनी संत पीटरच्या चरित्रावर तेवढेच अवाढव्य मराठी ओवीबद्ध पुराण लिहिले, त्याची छपाई 1629 मध्ये सुरू झाली. उत्तर कोकणातल्या ख्रिस्ती बोलीच्या वळणाचे, ख्रिस्ताच्या यातना आणि मरण सांगणारे फ्रान्सिस्कु व्हाझ द गिमाराएश यांचे पुराण 1659 चे. एकोणिसाव्या शतकात मुंबईत ते पुन्हा छापावेसे वाटले, यावरून त्याला गिऱ्हाईक होते हे उघड आहे. आणि 'ख्रिस्तपुराणा'चे तर नशीबच वेगळे. 1616, 1649 आणि 1654 अशा तीन आवृत्त्या निघाल्या, पण यांपैकी एकही छापील प्रत आज सापडत नाही. ग्रंथ जगला तो हातांनी उतरवलेल्या पोथ्यांवर, आणि त्यातल्या महत्त्वाच्या पोथ्या मिळाल्या मंगळूरकडे. 1907 ची जोसेफ साल्ढाणा यांची आवृत्ती मंगळूरचीच. घरी कोकणी बोलणारे, आजूबाजूला तुळू आणि कन्नड ऐकणारे हे लोक पिढ्यान्‌पिढ्या मराठी ओव्या रोमन अक्षरांत उतरवून काढत होते. वरून कोणाची आज्ञा नव्हती, शाळेत मराठी नव्हती. असे कष्ट माणूस शोभेच्या ग्रंथासाठी घेत नाही.

आता या सगळ्यावर सर्वांत गंभीर आक्षेप येतो, आणि तो टाळून पुढे जाणे लबाडीचे होईल. ज्या गोव्यात हे पुराण छापले गेले तिथे 1560 पासून इन्क्विझिशन बसलेले होते. देवळे पाडली गेली होती, जुन्या पोथ्या जप्त होत होत्या. त्या ब्राह्मणाचा प्रश्नच मुळी 'तुम्ही बंद केलीत' या शब्दांनी सुरू होतो. मग मराठीतले ख्रिस्ती पुराण ही भाषेवरची प्रीती मानायची, की हिसकावून घेतलेल्या वस्तूच्या जागी दिलेला खुळखुळा? माझ्या मते ते दोन्ही होते. सत्ता आणि प्रीती एकाच माणसात राहू शकतात, आणि वसाहतींच्या इतिहासात तसे बरेचदा झाले आहे. मात्र पुढे जे घडले त्यावरून या ग्रंथाचे सत्तेशी नाते आपण समजतो तितके सरळ नव्हते, असे दिसते. 27 जून 1684 रोजी व्हाइसरॉय कोंद द आल्व्हर यांनी फर्मान काढले की लोकांनी तीन वर्षांच्या आत आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलायला लागावे. 1745 मध्ये आर्चबिशपांनी पोर्तुगीज येत नसेल त्यांच्या लग्नालाच अडसर घातला. म्हणजे ज्या राजवटीच्या छायेत पुराण जन्मले, तिलाच पुढे ही भाषा डोईजड वाटू लागली. तरी पुराण चालू राहिले, तेव्हा ते सत्तेच्या हातून निसटून लोकांच्या हातात गेलेले होते. ज्याने दिले त्याचा हेतू आणि ज्याने घेतले त्याचा उपयोग, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरा आक्षेप भाषाशास्त्रातला. ही मराठी नव्हेच, कोकणी आहे, असे काही अभ्यासक म्हणतात, आणि गोव्यातल्या भाषावादात या मुद्द्याला धारही आली. 'ख्रिस्तपुराणा'त कोकणी शब्द आणि रूपे आहेत, यात शंका नाही. पण याचे उत्तर स्टीफन्स यांच्याच कामात सापडते. त्यांनी प्रश्नोत्तररूप धर्मशिक्षणाचे पुस्तक लिहिले ते कोकणीत. त्यांच्या मृत्यूनंतर ते 1622 मध्ये छापले गेले. त्यांनी व्याकरण लिहिले तेही कोकणीचे. ते 1640 मध्ये निघाले आणि छापील स्वरूपातले भारतीय भाषेचे पहिले व्याकरण म्हणून ओळखले जाते. पुराण लिहायला बसल्यावर मात्र त्यांनी ओवी घेतली आणि ज्ञानेश्वर-एकनाथांच्या वळणाची भाषा घेतली. एकाच माणसाने पोरांना देव शिकवायला घरची भाषा वापरली आणि देवाची कथा गायला पोथीची. गोव्यातल्या माणसाला हे विचित्र वाटले नसेल, कारण हिंदूंच्या घरीही तेच चालत होते. बोलणे कोकणीत, कीर्तन आणि आरती मराठीत. मी ज्यांना मधला आणि खालचा मजला म्हणतो त्यांच्यातली भिंत म्हणूनच मिशनऱ्यांनी उभारलेली नाही, ती त्यांना इथे आयती मिळाली.

गोव्याची साष्टी सोडून आता मुंबईच्या उत्तरेच्या साष्टीकडे आणि वसईकडे वळू. वसई 1534 च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाकडून पोर्तुगीजांना मिळाली आणि मे 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकली. या विजयाच्या वर्णनांत चर्चच्या घंटांचा उल्लेख हमखास असतो. त्या उतरवून महाराष्ट्रातल्या देवळांत नेल्या, भीमाशंकरला आणि नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात त्या आजही आहेत. घंटेला भाषा नसते, त्यामुळे तिचे धर्मांतर फार सोपे गेले. (तिच्यावर क्रूस कोरलेला असला तरी नाद बदलत नाही.) भाषेच्या इतिहासाच्या दृष्टीने मात्र 1739 चा अर्थ निराळा आहे. पोर्तुगीज सत्ता गेली, युरोपीय संन्यासी संघांचा जम मोडला, आणि मागे उरले ते शेतकरी, कोळी, पानवेलींचे मळे राखणारे ख्रिस्ती आणि त्यांच्यासाठी गोव्याच्या बाजूने येणारे देशी धर्मगुरू. राज्य पेशव्यांचे, कारभार मोडीत. पोर्तुगीज ही दरबाराची भाषा राहिली नाही, तेव्हा तिचे जे शब्द टिकले ते केवळ वापराच्या जोरावर. मिस्सा, क्रूस, पाद्री, नाताळ हे त्यांतले काही. नाताळ तर पुढे ख्रिस्ती नसलेल्या मराठी माणसाचाही शब्द झाला. चावी आणि पाव यांच्यासारखाच, कुठून आला हे कोणी विचारत नाही.

या काळातले धर्मजीवन चर्चच्या भिंतींपेक्षा अंगणात अधिक दिसते. वसईत आणि मुंबईच्या जुन्या गावठाणांत आजही वळणावर, विहिरीजवळ, घरापुढे क्रूस उभे आहेत. मुंबईच्या गावठाणांतले पुष्कळसे 1896 नंतरच्या प्लेगच्या साथीत बसवलेले. साथ आली की चर्चपर्यंत जाण्याआधी माणूस दारातल्या क्रूसापुढे गुडघे टेकणार, शेजारी जमणार, कोणीतरी जपमाळ सुरू करणार. इथे धर्मगुरू लागत नाहीत, त्यामुळे लॅटिनही सक्तीची नाही. वांद्र्याच्या टेकडीवरच्या मरियेला लोकांनी दिलेले नाव याच अंगणातले. 'मोत माउली' यातला मोत म्हणजे पोर्तुगीज 'मोंते', टेकडी. माउली मात्र वारकऱ्यांची, आळंदीची. कोणत्याही बिशपांनी हे नाव ठरवलेले नाही, एकाही धर्मपरिषदेच्या कागदावर ते नाही. तरी ते इतके पक्के बसले की घाटावर, श्रीरामपूर तालुक्यातल्या हरेगावलाही मरियेची जी यात्रा भरते ती 'मतमाउली'ची. तिथे टेकडी नाही, पण नाव आहे. मराठीच्या पोटात परका शब्द कसा जिरतो आणि जिरल्यावर स्वतःच फिरायला कसा लागतो, याचे इतके बोलके उदाहरण दुसरे क्वचित मिळेल.

याच सुमारास प्रोटेस्टंट मिशनऱ्यांनी मराठीशी निराळे नाते जोडले. त्यांच्याकडे वेदीच्या भाषेचा प्रश्नच नव्हता. 1811 मध्ये श्रीरामपूरहून (बंगालमधल्या) मराठी नवा करार निघाला, 1813 पासून अमेरिकन मिशन मुंबईत काम करू लागले, आणि शतकाच्या शेवटी नारायण वामन टिळकांनी अभंग आणि ओवी उपासनेच्या मध्यभागी आणून ठेवली. कॅथलिकांचे मराठीतले काम त्या मानाने मागे पडलेले दिसते, आणि एका अर्थी ते होतेही. पडरवादो, म्हणजे पोर्तुगीज राजसत्तेच्या हातातली चर्चव्यवस्था, आणि प्रोपगांडा, म्हणजे थेट रोमच्या हाताखालची, यांच्यातल्या हद्दीच्या भांडणात मुंबईच्या कॅथलिकांनी शंभर वर्षांहून अधिक काळ शक्ती घालवली. ते भांडण 1928 मध्ये कुठे मिटले. ज्या समाजाच्या पुढाऱ्यांनी 1887 मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या राज्याच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतले, त्यांची नजर इंग्रजीकडे होती. घरात आणि लग्नाच्या गाण्यांत मराठीच, पण अर्ज इंग्रजीत. हे सारे खरे असले तरी मधला मजला रिकामा झालेला नव्हता, तो पुढाऱ्यांच्या नजरेत नव्हता इतकेच.

4 डिसेंबर 1963 रोजी व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीचा दस्तऐवज 2147 विरुद्ध 4 अशा मतांनी संमत केला. त्यात लॅटिन राखावी असे म्हटले आहे, आणि लोकभाषेला अधिक वाव द्यायलाही मुभा आहे. ही मुभा बघता बघता मूळ नियमाला गिळून बसली. 1964 च्या डिसेंबरमध्ये सहावे पोप पॉल आंतरराष्ट्रीय युखरिस्तिक काँग्रेससाठी मुंबईत आले. त्यांनी इथल्या भाषणात उपनिषदातल्या प्रार्थनेचा आधार घेतला, त्याचे त्या काळी फार कौतुक झाले. पुढच्या वर्षी 7 मार्चला त्यांनी रोमच्या एका चर्चमध्ये इटालियनमध्ये मिस्सा केली, आणि 1969 च्या नोव्हेंबरअखेर नवा मिस्साग्रंथ लागू झाला. युरोपात आणि अमेरिकेत या बदलाने जी जखम झाली ती अजून भरलेली नाही. पोप बेनेडिक्ट यांनी 2007 मध्ये जुन्या लॅटिन मिस्सेला दिलेली मोकळीक पोप फ्रान्सिस यांनी 2021 मध्ये आवळली, आणि पोप लिओ यांच्या काळातही हा वाद धुमसतोच आहे. वसईच्या पट्ट्यात त्याची तशी धग लागली नाही. काही जण म्हणतील, इथले लोक आज्ञाधारक, वरून आले ते मानले. पण आज्ञाधारकपणाने माणूस गप्प बसतो, गायला लागत नाही. आणि इथे लोक गाऊ लागले. लॅटिन गेली तेव्हा वेदीवर पोकळी झाली नाही, कारण तिच्या जागी बसायला शब्द, चाली आणि ऐकणारे कान तयार होते. पाश्चात्त्य देशांतल्या भक्ताला आपल्या प्रार्थनेला एकदम बाजारभाव आल्यासारखे वाटले असेल. मराठी भक्ताच्या अंगणातलीच भाषा आत आली.

याचा एक बारीक पुरावा सर्वनामात आहे. इंग्रजीत देवाला जुन्या एकवचनाने हाक मारावी की रोजच्या 'यू'ने, यावर मोठी चर्चा झाली. मराठीला हा प्रश्न पडलाच नाही. बिशपांना आपण, फादरांना तुम्ही, आणि देवाला तू. ज्ञानोबा-तुकोबांनी हे कित्येक शतके आधीच ठरवून टाकले होते, आणि लॅटिनमध्येही देवाला 'तू'च असल्याने भाषांतरकाराचे काम आपोआप झाले. अडचण आली ती 'पिता' या शब्दाशी. वडील म्हटले की क्रियापद आदरार्थी होते, 'तू' म्हणता येत नाही. बाप म्हटले की शहरी कानाला खटकते. पिता म्हटले की संबोधन करताना 'पित्या' होते, आणि अशी हाक कोणत्याही मराठी मुलाने आपल्या बापाला कधी मारलेली नाही. 'बापा' हेच खरे मराठी संबोधन, पंढरीच्या वाटेवर शेकडो वर्षे चाललेले. जिथे भाषांतरकाराने मधल्या मजल्यावरचा शब्द उचलला तिथे प्रार्थना जिवंत झाली. कोशातला उचलला तिथे ती कागदावर राहिली.

आणि इथेच तिसरा आक्षेप येतो, मला सर्वांत वजनदार वाटणारा. 1969 मध्ये भारतीय बिशपांच्या विनंतीवरून रोमने उपासनेत बारा भारतीय प्रथांना मान्यता दिली. जोडे काढणे, मांडी घालून बसणे, अंजली, पंचांग प्रणाम, आरती, समई अशा. दलित ख्रिस्ती विचारवंतांनी विचारले, हे कोणाचे भारतीयपण? नगर जिल्ह्यातल्या आणि मराठवाड्यातल्या ज्या कॅथलिकांचे पूर्वज गावकुसाबाहेर राहिले, त्यांना देवळातल्या समईचा आणि संस्कृताळलेल्या प्रार्थनेचा कसला जिव्हाळा असणार? हा प्रश्न रास्त आहे, आणि माझ्या तीन मजली घराच्या दाखल्यालाही तो लागू पडतो. मधल्या मजल्यावरची भाषा कधीच सर्वांची नव्हती. स्टीफन्स यांचा पहिला श्रोताच एक ब्राह्मण आहे, हे विसरता येत नाही. पण म्हणून ती परकी होती असेही नाही. ओवी जात्यावरची आहे आणि अभंग सर्व जातींच्या संतांचा. आक्षेपाचा रोख मराठीकडे नाही, तिच्या कोणत्या थरातून शब्द उचलले याकडे आहे. चोखोबांच्या थरातून उचलले असते तर हा वाद वेगळा झाला असता.

वसईत ही निवड आणखी एका प्रकारे दिसते. तिथले सामवेदी, म्हणजे कुपारी, घरी कादोडी बोलतात, वाडवळ वाडवळी बोलतात, कोळ्यांची आणि आगऱ्यांची बोली वेगळी. वेदीवर यांपैकी एकही चढली नाही. चढली ती प्रमाण मराठी, शाळेची आणि वर्तमानपत्राची. 'सुवार्ता' मासिकाने आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासारख्या लेखकांनी ती चर्चमध्ये रुळवली. दिब्रिटो यांचे 'सुबोध बायबल' ख्रिस्ती नसलेल्या वाचकांनीही उचलून धरले. जानेवारी 2020 मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले तेव्हा काहींनी नाक मुरडले, तरी तो मान स्टीफन्सपासून चालत आलेल्या परंपरेचाच होता. वसईचा धर्मप्रांत 1998 मध्ये मुंबईपासून वेगळा झाला, आणि त्याचे पहिले बिशप थॉमस डाबरे यांचा प्रबंध तुकारामांच्या देवानुभवावर होता. प्रमाण मराठीने या समाजाला महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनात जागा मिळवून दिली, हे मान्य करायलाच हवे. बोली वेदीवर नेली असती तर प्रत्येक पाड्याची वेगळी मिस्सा झाली असती, असेही कोणी म्हणेल, आणि व्यवहाराच्या दृष्टीने ते खरे आहे.

पण त्यामुळे जुनी विभागणी मोडली असे म्हणता येत नाही, ती एक पायरी खाली सरकली. लॅटिनच्या जागी मराठी, आणि मराठीच्या खाली कादोडी. आता शहरातल्या इंग्रजी माध्यमातल्या मुलांमुळे वरच्या बाजूने इंग्रजीही चढते आहे. वसईत रविवारची मराठी मिस्सा आटोपते, शेवटचे गीत संपते, आणि लोक पायऱ्या उतरून आवारात येतात. फादर दाराशी उभे राहून कोणाकोणाची विचारपूस करतात, ती मराठीत. चार पावले पुढे क्रूसापाशी घोळका जमतो, आणि तिथे केळीचा भाव, कोणाचे लग्न, कोणाचे दुखणे हे सगळे कादोडीत सुरू होते.